चपला आणि इंग्रजी दाराबाहेर

मास्तरीणबाईंना लोक मास्तरीण म्हणायचे ते नवरा मास्तर म्हणून. त्यांची स्वतःची शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं शिक्षण झालं ते शिलाईच्या मशीनवर आणि माणसांची तोंडं वाचून. पण "बाई, तुम्ही किती शिकलात?" असं विचारायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. एका कापडवाल्याने एकदा विचारलं, तर त्याला उत्तर मिळालं, "तू मापात मारतोस ते कळण्याइतकी."

पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत मास्तरांची खुर्ची. गल्लीतल्या पोरांचे शाळेचे कपडे बाईंच्या हातचे, आणि त्याच पोरांना शाळेत इंग्रजी शिकवायचं ते मास्तरांनी. लोक गमतीने म्हणायचे, पोरांना बाहेरून बाई घडवतात, आतून मास्तर. त्यावर बाई म्हणायच्या, "माझं शिवलेलं निदान टिकतं."

मास्तरांचं इंग्रजी म्हणजे वर्गातलं इंग्रजी. उभे राहा, खाली बसा, माझ्यामागून म्हणा. मास्तर एक वाक्य म्हणत आणि सगळा वर्ग ते एका सुरात ओरडे. रस्त्यावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटे, आत मारामारी जुंपलीय. ह्या इंग्रजीला वर्गाबाहेरचा वारा कधी लागलाच नाही. एकदा एक परदेशी पाहुणा हातात नकाशा घेऊन गल्लीत उगवला आणि त्याने नेमका मास्तरांनाच पत्ता विचारला. मास्तर "वन मिनिट" म्हणाले आणि जे न्हाव्याच्या दुकानात शिरले, ते दाढी करूनच बाहेर आले. सकाळी घरी एकदा दाढी झालेली असताना.

लग्न नवं होतं तेव्हा हे इंग्रजी घरात शिरू पाहत होतं. एका संध्याकाळी मास्तर शाळेतून आले आणि दारातूनच ऐटीत म्हणाले, "गुड इव्हनिंग!" बाई तेव्हा कोवळ्या होत्या, पण जीभ तयार होती. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी बजावलं, "हे बघा, चपला आणि इंग्रजी, दोन्ही दाराबाहेर काढून यायचं. आत आलात की माणसासारखं बोलायचं."

मास्तर हसले, आणि त्यांनी ते आयुष्यभर पाळलं. रोज संध्याकाळी छत्री दाराशेजारच्या कोपऱ्यात टेकायची, चपला बाहेर काढायच्या. बाई उंबऱ्यात असायच्याच. त्यांनी म्हणायचं, "आलात?" आणि मास्तरांनी म्हणायचं, "आलो गं." ह्यापलीकडे लाडीगोडी त्या घरात नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. मास्तर आत गेले की बाई त्यांच्या चपला फिरवून बाहेरच्या तोंडाने लावून ठेवत. सकाळी पाय घातला की माणूस सरळ निघावा. सगळी गल्ली बाईंना अहो-जाहो करायची. त्यांना "अगं" म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता.

मास्तर निवृत्त झाले, खुर्चीत बसून पेपर वाचायला लागले, आणि एका दुपारी पेपरासकट खाली कोसळले. डोक्यात रक्ताची गाठ झालेली.

दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा बाई उशाशी होत्या. "अहो, ऐकू येतंय का? मी आहे."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. तोंड एका बाजूला थोडं ओघळलं होतं, पण शब्द स्वच्छ आला. "सिट डाऊन, प्लीज."

बाईंना हसू फुटलं. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला म्हणाल्या, "घ्या! मरणाच्या दारातून परत आले आणि आल्या आल्या वर्ग घ्यायला लागले."

पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पाणी हवं तर "वॉटर", नको तर "नो, थँक यू". बाई आपल्या भाषेत काही बोलल्या की मास्तर भुवया वर करत. पत्ता विचारणाऱ्या त्या पाहुण्याकडे त्यांनी बघितलं असेल, तसं बघत. अदबीने, आणि पळायला वाट शोधत.

डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी. घरची भाषा गेली, शिकलेली राहिली. शिवाय काळवेळेचाही गोंधळ झालाय. आपण कुठे आहोत ते त्यांना उमगत नाहीये."

"म्हणजे आईच्या दुधाबरोबर आली ती गेली," बाई म्हणाल्या, "आणि छडी खाऊन शिकलेली राहिली? हा कुठला न्याय हो, डॉक्टर?"

"डोक्यात न्याय नसतो, बाई. नसा असतात."

"परत येईल का?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. बाईंना उत्तर कळलं. चष्मा पुसून कुणी चांगली बातमी सांगत नाही.

*

घरी आणल्यावर खरी गंमत कळली. गंमत म्हणायचं ते म्हणायला. मास्तरांना वाटत होतं, ही शाळा आहे.

सकाळी उजवा पाय ओढत, काठी टेकत ते खुर्चीत येऊन बसत आणि मशीनवर वाकलेल्या बाईंकडे, भिंतीला टेकलेल्या कापडाच्या गाठोड्यांकडे बघत. बहुतेक गाठोडी म्हणजे पोरं. एखादं गाठोडं कलंडलं तर दरडावत, "स्टँड स्ट्रेट!" आणि पायातल्या चपला काही केल्या काढू देत नसत. सुनेने एकदा वाकून काढायला हात लावला, तर त्यांनी पाय आवरून घेतले. कामाच्या जागी कुणी चपला काढतं का? ज्या घरात वॉर्डातल्या पुढाऱ्यालाही बाईंनी बूट काढायला लावले होते, त्या घरात मास्तर दिवसभर चपला घालून बसू लागले. बाई रोज फरशी पुसायच्या आणि बोलायच्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत ह्याचीच सुनेला भीती वाटली.

मुलगा होता मालमोटारीवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. तो आला, बापाशेजारी बसला, म्हणाला, "बाबा, मी आलोय." मास्तर म्हणाले, "व्हाय आर यू लेट?" मुलगा उठून मोरीत गेला आणि बराच वेळ तोंड धूत बसला.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला. "आई, एक जागा आहे. अशाच माणसांसाठी. तिथल्या नर्सना इंग्रजी येतं. डॉक्टर असतो. बाबांशी बोलणारं कुणीतरी असेल."

"मी काय मुकी आहे?"

"तू बोलतेस, त्यांना कळत नाही."

"उभ्या जन्मात त्यांना कधी कळलं होतं? तरी संसार झाला ना?"

"आई, चेष्टा नको. परवा गॅस चालू ठेवून ते गाठोड्यांना शिकवत बसले होते. तू मशीनवर, ही कामावर. कोण बघणार? एक खाट रिकामी होतेय, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत."

बाईंनी ताट बाजूला सारलं. "माझा नवरा स्वतःच्या घरात बसून परक्यासारखा वागतोय, तर त्याला खऱ्याखुऱ्या परक्यात नेऊन टाकायचं? महिनाअखेर म्हणालास ना? तोवर मी शिकते इंग्रजी."

मुलाने बायकोकडे बघितलं. बायकोने पाण्याच्या तांब्याकडे बघितलं.

*

सून एका कंपनीत फोनवर बसायची. कुणाचं यंत्र बिघडलं, कुणाचं बिल चुकलं, की देशोदेशीची माणसं फोन करून तिच्यावर खेकसायची आणि ती त्यांच्याशी गोड बोलायची. पगार गोड बोलण्याचाच होता. सासूने आजवर ह्या नोकरीला "शिव्या खायची नोकरी" म्हणून हिणवलं होतं. आता तीच सासू मशीनपुढे स्टूल ओढून म्हणाली, "बस. शिकव."

"आई, एवढ्या थोड्या दिवसांत..."

"तू मला लांबी सांगू नकोस, कापड दाखव."

सुनेला येत होतं ते फोनवरचं इंग्रजी. तिने तेच शिकवायला घेतलं. "हे बघा, आधी म्हणायचं, हाऊ मे आय हेल्प यू, सर? म्हणजे, मी तुमची काय मदत करू?"

"नवऱ्याला विचारू? जन्मभर न विचारता केली की."

"म्हणा तर."

"हाव मे... सर कशाला गं? 'अहो'ला काय म्हणतात?"

सून विचारात पडली. "अहोला काही नाही, आई. नाव घेतात नाहीतर सर म्हणतात."

"नाव? आपल्या भाषेत घेतलं नाही ते परक्या भाषेत घेऊ? सर तर सर." बाईंनी मशीनला पाय मारला. "आणि 'अगं'ला?"

"त्यालाही काही नाही."

"मग ह्या लोकांचे संसार होतात तरी कसे?"

पण शिकल्या. मशीनच्या पायाबरोबर वाक्य म्हणत शिकल्या. एक शिवण संपेपर्यंत एकच वाक्य. आय अंडरस्टँड युवर प्रॉब्लेम, सर. म्हणजे, मला तुमची अडचण समजते. प्लीज वेट. म्हणजे, थांबा. आय अ‍ॅम सॉरी फॉर द ट्रबल. म्हणजे, झाल्या त्रासाची माफी असावी.

"ह्यात माफी फार स्वस्त आहे गं," बाई म्हणाल्या. "तू तर काही बिघडवलं नाहीस, मग माफी का?"

"समोरचा शांत होतो म्हणून."

"आणि अडचण सुटते?"

"आम्हाला ते बघायचं नसतं, आई. आम्ही पुढच्याकडे देतो."

सुनेच्या हाताखाली बाईंना एक गोष्ट कळली. ही पोरगी दिवसभर रागावलेल्या माणसांना समजावून घरी येते, आणि घरी येऊन पुन्हा रागावलेल्या माणसालाच समजावते. त्या दिवसापासून तिच्या चहात साखर त्या स्वतः ढवळून द्यायला लागल्या. पाठ मात्र चुकला की कात्रीच्या मुठीने स्टूल वाजवायच्या. चूक स्वतःची असली तरी.

पहिलं वाक्य मास्तरांपुढे म्हणायचं ठरलं त्या सकाळी बाईंनी केस दोनदा विंचरले. खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "हाऊ मे आय हेल्प यू, सर?"

मास्तरांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी कुणीतरी बोललं होतं. ते म्हणाले, "गुड मॉर्निंग. सिट डाऊन."

बाई स्टुलावर बसल्या. मास्तरांनी शेजारच्या गाठोड्यावरची कात्री उचलून विचारलं, "व्हॉट इज धिस?"

बाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेने ओठांनी सांगितलं. बाई म्हणाल्या. मास्तरांनी मोजपट्टी उचलली, दोऱ्याचं रीळ उचललं, खडू उचलला. बाईंचा घाम निघाला, पण उत्तरं निघाली. शेवटी मास्तरांनी मान डोलावली. "व्हेरी गुड. यू आर अ क्लेव्हर गर्ल."

सुनेने अर्थ सांगितला. बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. आयुष्यभर ह्या माणसाने त्यांच्या कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. जेवण कसं झालंय विचारलं तर म्हणायचा, "संपलं की." आज पहिली शाबासकी मिळाली, ती दुसऱ्याच कुणा पोरीला.

तरी दिवस बरे जाऊ लागले. रोज सकाळी बाई स्टुलावर बसत, मास्तर शिकवत. बाई माना डोलावत, "येस सर" म्हणत आणि अधेमध्ये औषधाची गोळी पुढे करून "प्लीज, सर" म्हणत. गोळी गिळली जाई. मुलगा फोनवर विचारी, "काय म्हणतात बाबा?" बाई सांगत, "पहिल्या बाकावर बसवलंय मला."

त्रास होई तो संध्याकाळी. उन्हं कलली की मास्तर बेचैन होत. काठी हातात घेत, दाराकडे बघत, पुन्हा बसत. एकच वाक्य पुटपुटत, आणि म्हणता म्हणता डोळ्यांत पाणी येई. बाईंना त्यातलं काही उकलेना. एके संध्याकाळी सून लवकर आली तेव्हा बाईंनी तिला हाताला धरून खुर्चीजवळ उभं केलं. "ऐक. हे काय म्हणतात रोज?"

सून ऐकत राहिली. "द बेल हॅज नॉट रंग." ती म्हणाली, "आई, ते म्हणतात, घंटा अजून झाली नाही."

"कसली घंटा?"

"शाळा सुटायची. ते घरी जायची वाट बघतायत."

बाई मशीनपाशी जाऊन बसल्या. सुईत दोरा नव्हता तरी बराच वेळ पाय मारत राहिल्या. म्हणजे रोज संध्याकाळी हा माणूस ह्या खुर्चीत बसून ह्याच घराची वाट बघत होता. शाळा म्हणून बसवून ठेवलंय कुणी, तर आपणच. येस सर, येस सर करत.

मग त्या उठल्या. त्यांचा चेहरा बघून सुनेला कळलं की सासूबाईंनी काहीतरी बेतलंय.

"घंटा झाली नाही ना? होईल."

*

भंगारवाल्याने विचारलं, "बाई, लोखंडाचा तुकडा आणि तोही वाजणारा? कुणाच्या डोक्यात घालायचा बेत आहे?"

"तुझ्या डोक्यात घातला तर आवाज येणार नाही, पोकळ आहे," बाई म्हणाल्या आणि त्याच्या ढिगातले तुकडे एकेक करून हातोडीने वाजवून बघितले. शेवटी जाड पत्र्याचा एक तुकडा खणखणला तसा मास्तरांच्या शाळेचा खणखणायचा. मास्तरांचा डबा घेऊन त्या तिथे कितीदा उभ्या राहिल्या होत्या, तो आवाज कानात होता.

बेत सोपा होता. महिनाअखेरीला मुलगा गाडी घेऊन येणार होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी घंटा वाजवायची. सुनेने मास्तरांचा हात धरायचा, गल्लीला वळसा घालून, पाणवठ्याच्या नळावरून, न्हाव्याच्या दुकानावरून त्यांना त्यांच्या रोजच्या वाटेने घरी आणायचं. आणि बाईंनी उंबऱ्यात उभं राहायचं.

"ओळखतील, आई?" सुनेने विचारलं.

"पाय ओळखतात गं. डोकं गेलं म्हणून पाय गेले का? ती वाट त्या पायांनी तुडवलीय. दारात आले की कळेल त्यांना. आणि एकदा घर कळलं की मग तुझ्या नवऱ्याला सांग, खाट दुसऱ्या कुणाला दे म्हणावं."

"आणि तुम्ही काय म्हणाल?"

इथे बाईंचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला. "ते मी बघते. मला एक चांगलं वाक्य दे. दारात आलेल्या माणसाला म्हणतात तसं. आदराचं."

सुनेने दिलं. वेलकम, सर. प्लीज कम इन. बाईंनी ते शिवणींवर शिवणी घालत घोटलं. शाळेचे कितीतरी सदरे त्या वाक्यावर शिवले गेले. येता-जाता म्हणत, भांडी घासताना म्हणत. एवढी मेहनत केली तर ती नवऱ्याला दिसायला नको? इतके दिवस त्यांना कळेल असं बोलायचं म्हणून तर जीव काढला. आता ऐन वेळेला पुन्हा तीच न कळणारी भाषा बोलून सगळं मातीत घालायचं? हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि बाईंच्या डोक्यात एकदा पक्कं झालेलं उसवायला कुणाची छाती नव्हती.

संध्याकाळ झाली. मास्तर बेचैन झाले, काठी हातात घेतली, पुटपुटायला लागले. बाईंनी मागच्या दारी जाऊन पत्र्यावर हातोडी घातली.

मास्तर थबकले. मग त्यांच्या सगळ्या अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. ते उठले, गाठोड्यांकडे वळून म्हणाले, "क्लास डिसमिस्ड. गो होम." आणि काठी टेकत निघाले. सुनेने हात दिला, तो त्यांनी घेतला. जाताना ते चक्क गुणगुणत होते.

बाईंनी पुढचा दरवाजा सताड उघडला, तोंड धुतलं, उंबऱ्यात उभ्या राहिल्या. गल्लीतून आवाज येत होते. न्हावी म्हणाला, "सुटली का शाळा, मास्तर?" मास्तर म्हणाले, "येस, येस." मग काठीचा आवाज. एक टक, एक ओढलेला पाय, एक टक.

ते वळणावर दिसले. सुनेने हात सोडला होता, पायच त्यांना आणत होते. बाईंनी म्हटलं होतं तसंच. मास्तर दाराशी आले. वर बघितलंही नाही. काठी दाराशेजारच्या कोपऱ्यात टेकवली, जिथे आयुष्यभर छत्री टेकवली होती, आणि डाव्या पायाची चप्पल काढली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. अंगठ्याने टाच दाबून, नेहमी काढायचे तशी. मग भिंतीला हात लावून उजवा पाय उचलायला लागले, आणि मान वर करत करत त्यांनी बाईंकडे बघितलं.

बाईंच्या तोंडात सगळं शिकलेलं एकदम आलं, आणि त्या स्वच्छ, ठसठशीत, एक अक्षर न चुकता म्हणाल्या, "वेलकम, सर. प्लीज कम इन."

मास्तरांचा हात भिंतीवर राहिला. त्यांनी बाईंकडे बघितलं, दाराच्या चौकटीकडे बघितलं, आतल्या खोलीकडे बघितलं. त्या एका "गुड इव्हनिंग"नंतर ह्या दारात कधी कुणी इंग्रजी बोललेलं नव्हतं. बोलू दिलेलंच नव्हतं. चुकीच्या दाराशी आलेल्या माणसासारखे ते ओशाळले. डावा पाय चाचपडत चपलेत परत घातला. कोपऱ्यातली काठी उचलली.

"सॉरी, मॅडम," ते म्हणाले. "आय हॅव टु गो होम. माय वाइफ इज वेटिंग."

सून मागे उभी होती. अर्थ सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायची गरज नव्हती. शब्दन् शब्द बाईंना कळला होता. तेवढं इंग्रजी आता त्यांना येत होतं.

"आलात?" बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "अहो, आलात ना? मीच आहे. आलात का?"

मास्तरांनी भुवया वर करून अदबीने मान लववली आणि पाठ फिरवली. जायला दुसरं घर कुठे होतं? पण ते निघाले, पाय ओढत, दिवेलागणीच्या अंधारात, घरी. सुनेने धावत जाऊन हात धरला तर झिडकारला. ती "बाबा, बाबा" म्हणते तर ऐकेनात. समोरून एक मोटार आली, दिवा डोळ्यांवर पडला, मास्तर रस्त्याच्या मधोमध थांबले. सून ओरडली. चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि काच खाली करून शिवी दिली.

मग बाईंचा आवाज आला. उंबऱ्यातून, मोठ्याने, सुईत दोरा ओवावा तितका सरळ.

"सर! द बेल हॅज नॉट रंग!"

मास्तर वळले. चेहऱ्यावरचं गुणगुणणं केव्हाच गेलं होतं. "ओह," ते म्हणाले. "सॉरी." आणि शाळेतल्या शहाण्या पोरासारखे परत आले, बाईंच्या शेजारून, चपला घालून, आत गेले आणि खुर्चीत बसले.

*

सुनेने त्यांना जेवण भरवलं. बाई उंबऱ्यातच बसून होत्या. बऱ्याच वेळाने सून बाहेर आली.

"आई, उद्या पुन्हा घंटा करू. ह्या खेपेला तुम्ही आपलं नेहमीचं म्हणा. चप्पल काढली होती त्यांनी. मी बघितलं."

"मीही बघितलं."

"मग?"

"उद्या घंटा झाली की जातील न्हाव्याच्या दुकानापर्यंत आणि मागे बघून विचारतील, खरीच झाली का? मीच ओरडले ना, झाली नाही म्हणून. मास्तर आहेत. खोट्या घंटेवर वर्ग सोडायचे नाहीत." बाईंनी गुडघ्यावर हात टेकला. "आणि मी रोज काय दारात उभी राहून मोटारी थांबवू?"

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगा यायच्या आत, बाईंनी मागे जाऊन हातोडी घातली. कुणाला न सांगता. पळत येऊन मधल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मास्तर खुर्चीतच होते. त्यांनी आवाजाकडे कान दिला, मनगटाकडे बघितलं, आणि समोरच्या गाठोड्यांना म्हणाले, "सिट. सिट. इट इज नॉट अवर बेल."

संध्याकाळी मुलगा आला. आईचं तोंड बघूनही विचारायचं तेवढं त्याने विचारलंच, "मग, काय ठरलं?"

"ने," बाई म्हणाल्या. "इथे असले काय, तिथे असले काय, ते घरी जायलाच निघणार. तिथे निदान दाराला कुलूप असेल."

"आई, तू भेटायला येशील ना? आता तर तुला बोलताही येतं त्यांच्याशी."

"हो. येतं की."

त्या आत गेल्या. मास्तरांचे कपडे घड्या घालून पिशवीत भरले. वर त्यांनी स्वतः शिवलेला सदरा ठेवला. मास्तर खुर्चीत डुलक्या घेत होते. बाई खाली बसल्या, त्यांच्या पायांतून चपला हलक्या हाताने सोडवल्या, आणि ह्या वेळी मास्तरांनी पाय आवरले नाहीत, झोपेत होते. बाईंनी त्या उंबऱ्यापाशी नेल्या, पुसल्या, आणि बाहेरच्या तोंडाने लावून ठेवल्या. सकाळी पाय घातला की माणूस सरळ निघावा.